स्प्रिंग वायसर टाकूनही नट का सुटतो?

सांगली जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू झाला की एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात, आणि कारखान्याबाहेरच्या रांगेत एखादा चालक हातात पाना घेऊन ट्रॉलीचे बोल्ट आवळताना दिसतो. हादऱ्याने नट ढिले होतात, हे त्याचे उत्तर चुकीचे नाही. मात्र हादरा कोणत्या दिशेचा, हे त्यात येत नाही.

नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो. ८.८ या ताकदीच्या प्रतीच्या एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या, बोल्टचा नट साधारण २५ न्यूटन-मीटर जोराने पिळला, तर बोल्टमध्ये सुमारे १६ हजार न्यूटन, म्हणजे दीड टनाहून अधिक वजनाइतका ताण येतो आणि तोच दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. पिळण्याच्या जोरापैकी जेमतेम एक दशांश या ताणासाठी कामी येतो. बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतारच. एम ८ मध्ये हा उतार फक्त ३ अंशांच्या आसपास असल्यामुळे घर्षण नटाला सहज धरून ठेवते.

मार्केट यार्डात ट्रकला टेकवलेल्या फळीवर हळदीचे पोते अडकले आहे, असे समजा. ते बाजूला सरकवले तर सरकता सरकता थोडे खालीही येते, कारण घर्षण एका वेळी एकाच दिशेला, म्हणजे सरकण्याच्या उलट, लागते आणि बाजूच्या हालचालीत ते गुंतले की उतार मोकळा होतो. नटाचेही असेच होते. जर्मन अभियंता गेऱ्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की, बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा जोड आडवा सरकल्याने नट फार लवकर सुटतो.

म्हणूनच स्प्रिंग वायसरवरचा, म्हणजे नटाखाली घालायच्या चिरलेल्या पिळदार चकतीवरचा, आपला विश्वास मला अनाठायी वाटतो. नट पुरता आवळण्याच्या कितीतरी आधीच हा वायसर चपटा होतो आणि मग साध्या वायसरपेक्षा वेगळे काही करत नाही. चेकनट, म्हणजे एका नटावर आवळलेला दुसरा नट, उपयोगी आहे, पण पातळ नट आत आणि जाड बाहेर, हा क्रम बहुतेक जण उलटा करतात. आत नायलॉनचे कडे असलेला नायलॉक नट ढिला झाला तरी गळून पडत नाही, एवढा भरवसा ठेवावा. आट्यांना लावायचे चिकटद्रव्य मात्र नेमके दुखण्यावर बोट ठेवते : हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की ते घट्ट होते व आट्यांमधली आडवी हालचालच थांबवते. ते बाटलीतच घट्ट होऊ नये, म्हणून बाटली मुद्दाम अर्धवट भरलेली असते. ती पाहून दुकानदाराशी वाद घालण्याचे कारण नाही.

कृष्णाकाठच्या आमच्या पाणी उपसायच्या मोटारीचा एक बोल्ट दर पंधरवड्याला ढिला व्हायचा. वायसरभोवती लालसर तपकिरी भुकटी साठलेली असे. लोखंड लोखंडावर घासत असल्याची ती खूण. मी एकावर एक दोन स्प्रिंग वायसर टाकले, पण फरक पडला नाही. शेवटी मोटारीच्या पायाखालचा रंगाचा जाड थर खरवडला, कारण रंग दबला की तेवढाच ताण उतरतो. आणि नटाखाली जाड नळीचा तुकडा घालून लांब बोल्ट बसवला. लांब बोल्ट जास्त ताणला जातो, त्यामुळे जोड केसभर बसला तरी त्याची पकड फारशी कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी एकदा आवळून नट आणि पायावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढली. पाण्याच्या दोन पाळ्या झाल्या, तरी रेघ तुटलेली नाही आणि वायसरभोवती भुकटीही नाही.