गायरान

गावातल्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली सामाईक जमीन. सरकारी कागदांत 'गुरचरण' हा शब्दही आढळतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी अशी जमीन नेमून देतो. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकारचे नाव लागते आणि देखभाल ग्रामपंचायत करते. प्रत्यक्षात तिथे वावर असतो तो गुराख्यांचा, धनगरांचा आणि सरपण गोळा करणाऱ्या बायाबापड्यांचा. त्यांचे नाव मात्र कुठल्याच रकान्यात नसते, आणि गायरानावरचे बहुतेक वाद इथूनच उगवतात.

पहिला मोठा वाद कसणाऱ्यांचा. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत पडीक सरकारी जमिनींची मागणी होती. मराठवाड्यात अनेक दलित कुटुंबांनी गायरान फोडून पेरले. यातल्या १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या शेतीसाठीच्या अतिक्रमणांना पुढे शासनाने नियमित करण्याची वाट करून दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये, पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात, देशभरच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितले. तेव्हापासून 'अतिक्रमण' या एकाच शब्दाखाली धनदांडग्याचा बंगलाही येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेले दोन एकरही.

दुसरा वाद विजेचा. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा विस्तार झाला. सौर प्रकल्प विजेच्या उपकेंद्राजवळ हवा, म्हणजे जमीनही तिथलीच हवी. खाजगी शेतकऱ्याला विस्तारित योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ. गायरानाला असा भाव सांगणारा कोणी नसतो. ते सरकारचेच, म्हणून ते सर्वांत सोपे. गायरानाचा वापर बदलू नये असे कलम २२(अ) सांगते. पण सार्वजनिक प्रकल्पाला दुसरी योग्य जमीन नसेल तर सूट आहे. 'दुसरी जमीन नाही' हे ठरवणार कोण, यावर गावोगावी ग्रामसभा तापल्या आहेत.

पर्यावरण कायद्याचा इथे फारसा आधार मिळत नाही. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत औष्णिक, जलविद्युत, अणुवीज प्रकल्प आहेत. सौर प्रकल्प नाहीत. धूर आणि राख यांचा विचार केला तर ही सूट रास्तच. पण तिच्यामुळे जनसुनावणीही टळते. शिवाय महसुली आणि नियोजनाच्या भाषेत माळरान म्हणजे 'पडीक'. लांडगा, काळवीट, माळढोक यांचे घर म्हणून त्याची नोंद क्वचितच होते.

पॅनेलच्या सावलीत पावसाळ्यात गवत वाढते आणि ते कापावे लागते. मेंढरांना ते चालले असते, पण भोवती तारेचे कुंपण असते.