तळ्यातली मोटर आणि खाडीचे पाणी

कोकणातल्या खाडीत जिताड्यासाठी किंवा तांबोशीसाठी गळ टाकणारा माणूस पहिली विजेची ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी हळूहळू सरकवणारी बॅटरीवरची छोटी मोटर, घ्यायला निघाला, की त्याच्यापुढे रेट्याचे पौंड, व्होल्ट आणि दांड्याची लांबी असे आकडे येतात. हे आकडे कोणत्या पाण्यावर ठरले, ते कळल्याखेरीज त्यांचा अर्थ लागत नाही. (नावावरून होणारा एक गैरसमज आधीच दूर करावा. या मोटरीचा ट्रॉलरशी काही संबंध नाही. ट्रॉलर जाळे ओढतो, तर ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागून गरी ओढत नेणे.)

बॅटरीवर होडी चालवण्याची खटपट जुनी आहे. मोरिट्झ याकोबी यांनी १८३०च्या दशकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत तशी होडी चालवली होती, आणि १८८१ मध्ये गुस्ताव त्रूव्हे यांनी पॅरिसला सेन नदीत सुकाणूवर बसवलेली, काढता-घालता येणारी मोटर वापरून दाखवली. परंतु आजच्या मोटरीचा खरा पूर्वज १९३४ चा आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटामधील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या मॉडेल ए गाडीच्या स्टार्टरला लवचीक दांडा आणि पंखा जोडून ती घडवली. मिन्नेसोटा आणि नॉर्थ डकोटा या शेजारी राज्यांच्या नावांवरून कंपनीचे नाव मिन कोटा झाले.

तो मुलूख गोड्या तळ्यांचा. तिथे इंजिन बंद करून, मासा न बिचकवता हळूहळू सरकणे एवढेच या मोटरीचे काम होते, आणि माणसे-सामानासह होडीच्या दर १०० पौंड वजनामागे २ पौंड रेटा हा प्रचलित हिशेब अशा शांत पाण्यालाच लागू पडतो. त्या हिशेबाने ७०० किलोच्या होडीला ३१ पौंड पुरावेत. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर ओहोटी खाडीच्या मुखाकडे ओढू लागली, की तेवढ्या रेट्याने होडी जागची हलणेही कठीण. म्हणून इथल्या पहिल्या खरेदीत १२ व्होल्टवर मिळणारा वरचा, म्हणजे सुमारे ५५ पौंडांचा टप्पा धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे; त्यापुढे दोन बॅटऱ्यांचे २४ व्होल्ट लागतात. वल्ही मात्र होडीत असलीच पाहिजेत.

अशी मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर खेचते. शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, म्हणजे हाती जेमतेम तासभर उरतो. जुन्या मोटरींत वेग कमी करण्यासाठी वीज रोधक तारांतून जाळली जात असे; पुढे तुकड्या-तुकड्यांनी वीज सोडणारे नियंत्रण आले आणि मंद गतीत ती वाचू लागली. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग, पण वजनाने पुष्कळ हलकी. उलांडीच्या (बाजूला तोलाचे लाकूड जोडलेल्या) अरुंद होडीत हा फरक तोल सांभाळताना जाणवतो.

खारे पाणी हा प्रश्न मूळ रचनेत नव्हताच. त्यासाठी पुढे स्वतंत्र मोटरी निघाल्या, ज्यांत धातू गंजण्याऐवजी आधी झिजणारा जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. तरीही परतल्यावर गोड्या पाण्याने धुणे चुकत नाही.

मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमधील (उपग्रहांवरून ठिकाण दाखवणाऱ्या यंत्रणेतील) मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि त्यानंतर जीपीएसच्या आधारे, नांगर न टाकता होडी एका जागी धरून ठेवणाऱ्या मोटरी आल्या. खडकाळ तळाशी नांगर अडकतो, तिथे ही सोय मोलाची आहे. फक्त वाहत्या ओहोटीत एका जागी राहण्यासाठी मोटर सतत प्रवाहाशी झुंजत असते आणि बॅटरी त्या वेगाने उतरत जाते.