जमिनीतली उष्णता फुकट? तेवढी सोपी गोष्ट नाही

‘भूऔष्णिक घर म्हणजे खाली पाइप टाकायचे, पृथ्वीच्या पोटातली आग वर आणायची आणि विजेचं बिल शून्य!’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरीची कुंडं असतात.

थंड देशांतल्या अशा घरांखाली कुंड वगैरे काही नसतं. आठ-दहा मीटर खाली जमिनीचं तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीजवळ, म्हणजे साधारण १०-१२ अंशांवर स्थिर राहतं. ही ऊब मुख्यतः उन्हाची. तिच्यावर घर तापत नाही. हीट पंप ती गोळा करून तिचं तापमान वर चढवतो आणि त्यासाठी वीज खातो: १ युनिटला साधारण ३-४ युनिट उष्णता. फायदा मोठाच, पण फुकट नाही.

‘नेट-झिरो’चंही, म्हणजे वापरेल तेवढी वीज स्वतःच तयार करणाऱ्या घराचंही, तसंच. हिशेब वर्षाचा असतो. अमेरिकेत मेरीलँडमधल्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेच्या प्रयोगघरात चौघांचं कुटुंब ‘राहत’ होतं संगणकातच. दिवे, शॉवर सगळं वेळापत्रकाने. २०१३-१४ मध्ये वर्षाअखेर ४९१ युनिट वीज शिल्लक पडली, तरी हिवाळ्यात ते घर ग्रिडकडून, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्यातून, वीज घेतच होतं. (त्या वर्षी तापवायला हवेवरचा हीट पंप होता, जमिनीतला नव्हे.)

म्हणूनच अशा घराचं सिम्युलेशन (संगणकावर नक्कल करून केलेला हिशेब) तासातासाचं हवं. आणि ज्यात हे पाइप सोडतात त्या बोअरचं तर अनेक वर्षांचं: उन्हाळ्यात घर गार करताना जमिनीला परत केली त्याहून जास्त उष्णता दर हिवाळ्यात उपसली, तर आजूबाजूची जमीन हळूहळू गार पडते आणि पंपाची कार्यक्षमता घसरते. पहिल्या वर्षाच्या आलेखात हे दिसत नाही.