डोळे येतात ते हातांवरून

घरात एकाचे डोळे आले की बाकीचे त्याच्या नजरेला नजर देत नाहीत. टॉवेलला मात्र त्याच्याच तोंड पुसतात. साथ वाढते ती तिथे. नुसतं पाहिल्याने डोळे येत नाहीत. काळा चष्मा लावला की रुग्णाला उजेड टोचत नाही, पण इतरांचा बचाव त्याने होत नाही.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतून एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. त्याला सूज आली की एरवी न दिसणाऱ्या रक्तवाहिन्या फुगतात, डोळा लाल होतो, वाळू गेल्यासारखा खुपतो, सकाळी चिपडांनी चिकटतो. जुलै २०२३ मध्ये आळंदीच्या शाळकरी मुलांत दिसलेली अशीच साथ बघता बघता राज्यभर पसरली.

साथीत बहुधा विषाणूच असतो, आणि त्यातही अॅडिनोव्हायरस फार चिवट. दाराची कडी, मोबाइल, उशीचा अभ्रा यांवर तो कित्येक दिवस टिकतो. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं वेष्टण होतं, ते सॅनिटायझरने विरघळायचं. याला ते वेष्टणच नाही, म्हणून सॅनिटायझर इथे तोकडा पडतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवायला हवेत.

१९६९ मध्ये घानात डोळ्यांची एक नवी साथ आली. माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून लोक तिला ‘अपोलो’ म्हणू लागले. १९७१ मध्ये ती मुंबईत होती. डोळे बरे झाल्यावर काही रुग्णांचे पाय पोलिओसारखे लुळे पडल्याचं मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी नोंदवलं. तो विषाणू वेगळा, एंटेरोव्हायरस ७०, आणि असं क्वचितच घडतं.

विषाणूने आलेले डोळे बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. अँटिबायोटिक थेंबांचा विषाणूवर काही उपयोग नाही. मला खरी भीती वाटते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांची. लाली झटपट उतरते, पण आजार नागिणीच्या जातीच्या विषाणूचा असेल तर बुबुळावरची जखम चिघळते. थेंब फार दिवस चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. त्यापेक्षा गार पाण्याच्या घड्या ठेवा, उकळून निववलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडं पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्या. मध, दूध, गुलाबपाणी डोळ्यात घालू नका.

दिसायला अंधुक होणं, डोळा ठणकणं, उजेड अजिबात न सोसणं, किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होणं, यांत थांबू नका. लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा. आणि महिन्याच्या आतल्या बाळाचे डोळे सुजून पू येत असेल तर काजळ घालून वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. प्रसूतीच्या वेळी लागलेल्या काही जंतूंमुळे बाळाची दृष्टी फार लवकर जाऊ शकते.