सापाची शिट्टी: कात यायच्या आधीची की फुफ्फुसातल्या इन्फेक्शनची?

रात्री सगळं शांत झालं की टँकमधून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागतो आणि साप पाळणाऱ्याची झोप उडते, कारण आपण सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं की श्वासाचा आवाज आला म्हणजे न्यूमोनिया. कधीकधी तो असतोच. पण बऱ्याचदा ती कात यायच्या आधीची साधी शिट्टी असते, आणि गोंधळ महागात पडतो तो यासाठी की कातीसाठी आपण ओलावा वाढवतो, आणि इन्फेक्शन झालेल्या सापाला थंड टँकमध्ये तोच जास्तीचा ओलावा अजून आजारी पाडतो.

आधी कातीचं बघू. कात टाकायच्या आधी जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये पातळ द्रव भरतो, त्यामुळे रंग मळकट होतो आणि डोळे निळसर दुधाळ दिसतात. मग डोळे परत स्वच्छ होतात आणि त्यानंतर काही दिवसांनी कात निघते. या काळात नाकपुडीच्या कडेचं कातडंही सुटत असतं, हवा तिथून अडखळत जाते आणि शिट्टी वाजते. हा आवाज कोरडा आणि बारीक असतो, तोंड बंद असतं, नाक कोरडं असतं, आणि कात निघाली की आवाज बंद. बंद नाही झाला तर निघालेली कात नीट पसरून डोक्याचा भाग बघा, नाकपुडीच्या जागेचा तुकडा अडकून राहिला असेल तर तेच कारण असू शकतं. तो चिमट्याने उकरायचा नाही प्लीज, ओलसर मॉस (शेवाळ) भरलेला डबा लपायला द्या, बहुतेक वेळा त्यातच सुटतो. बेडिंगची (टँकच्या तळाशी पसरलेल्या भुशाची वगैरे) धूळ नाकात गेली तरी असाच आवाज येतो.

इन्फेक्शनचा आवाज ओला असतो. घरघर, टकटक, आत बुडबुडे फुटल्यासारखं काहीतरी. तोंड किंचित उघडलं तर आत चिकट तारा दिसतात, तोंडाच्या कडेला किंवा नाकावर फेस किंवा बुडबुडे दिसतात, साप डोकं वर धरून बसतो कारण तसा श्वास घ्यायला सोपं जातं, खाणं बंद होतं, आणि कात येऊन गेली तरी आवाज तसाच. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं ही फार उशिराची पायरी आहे, तिची वाट बघत बसू नका.

हे इतकं गंभीर का, तर सापाला आपल्यासारखा श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) नसतो आणि खोकून कफ बाहेर काढणं त्याला जवळपास जमतच नाही. फुफ्फुस लांबलचक असतं, कॉर्न स्नेकसारख्या सापांमध्ये डावं फुफ्फुस अगदी नावाला उरलेलं असतं आणि सगळी भिस्त उजव्यावर, पायथन आणि बोआमध्ये दोन्ही असतात पण डावं लहान. त्यातही खरं ऑक्सिजन घ्यायचं काम पुढचा भाग करतो, मागचा भाग नुसत्या हवेच्या पिशवीसारखा. कफ खाली उतरला की तिथेच साचतो आणि बॅक्टेरियांची सोय होते.

आता फसवणारे प्रसंग. खाऊन झाल्यावर साप मोठी जांभई देतो, जबडा जागेवर बसवतो, ते इन्फेक्शन नाही. पाणी पिऊन नुकताच बाहेर आलेल्या सापाच्या नाकावर एखादा बुडबुडा दिसला तर तोही नाही. हातात घेतल्यावर फुसफुसतो ते रागाने, म्हणून आवाज कायम साप आरामात पडलेला असताना ऐकायचा, आणि फोनवर व्हिडिओ करून ठेवायचा, डॉक्टरसमोर तो आवाज येईलच असं नाही.

डोळे दुधाळ आहेत म्हणजे इन्फेक्शन नाही, असंही समजू नका, दोन्ही एकाच वेळी असू शकतं आणि तिथेच लोक आठवडे घालवतात. कातीच्या काळातसुद्धा फेस किंवा ओला आवाज असेल तर मी एक दिवसही थांबणार नाही.

आवाज कुठलाही असो, पहिल्यांदा तापमान मोजा. सापाची प्रतिकारशक्ती शरीराच्या तापमानावर चालते, थंड पडलेला साप साध्या बॅक्टेरियाशीही लढू शकत नाही. बॉल पायथनला गरम बाजू साधारण 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड बाजू 25 ते 27, कॉर्न स्नेकला गरम बाजू 29 ते 31 च्या आसपास. काचेवर चिकटवायचे काटेवाले थर्मामीटर बऱ्याचदा चुकीचं दाखवतात, आणि दाखवलं तरी काचेजवळच्या हवेचं दाखवतात, साप बसतो तिथलं नाही. प्रोबवाला (वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला) डिजिटल घ्या. हीट मॅट (टँक गरम ठेवणारी विजेची चटई) असेल तर तापमान आवरणारा थर्मोस्टॅट लागतोच, नाहीतर पोट भाजतं, आणि गरम होणारे दगड तर वापरूच नका.

ओलाव्याचा घोळ इथेच होतो. बॉल पायथनला 60 टक्क्यांच्या आसपास ह्युमिडिटी लागते, कातीच्या वेळी थोडी जास्त, कॉर्न स्नेकला त्यापेक्षा कमी चालते. पण ह्युमिडिटी म्हणजे हवेतला दमटपणा, चिखल झालेलं बेडिंग नाही. गरम आणि दमट चालतं, थंड आणि ओलं अजिबात नाही. दिवसातून चार वेळा स्प्रे मारून तळ भिजवण्यापेक्षा पाण्याचं मोठं भांडं, मॉसचा डबा आणि हवा खेळती राहील इतकी जाळी, एवढं पुरे. दिव्याची उष्णता हवा सुकवते, तेव्हा दिवा असेल तर ह्युमिडिटीकडे जास्त लक्ष द्या.

ओला आवाज असेल तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडेच जा. ते स्वॅब घेऊन किंवा श्वासनलिका धुऊन नमुना तपासतात, कारण स्यूडोमोनाससारख्या बॅक्टेरियावर वाटेल ते अँटिबायोटिक चालत नाही, नेमकं चालणारंच शोधावं लागतं, आणि पायथनमध्ये तर मूळ कारण निडोव्हायरस नावाचा विषाणूही असू शकतो ज्यावर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. घरातली माणसांची औषधं अंदाजाने देऊ नका. घरात दुसरे साप असतील तर आजारी साप लगेच वेगळा ठेवा, भांडी आणि चिमटे वेगळे, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करून हात धुवा. माइट्स (अंगावर राहणारे बारीक परजीवी किडे) आहेत का तेही हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला बघा. औषध चालू असताना गरम बाजू त्या जातीच्या वरच्या मर्यादेला ठेवायची, थंड बाजू पण ठेवायची, आणि दोन इंजेक्शनांनंतर आवाज थांबला म्हणून कोर्स मध्येच सोडायचा नाही.