आयटीआयनंतर इंजिनिअरिंगची डिग्री: अर्ज नेमका कुठे अडतो?

आयटीआयच्या सर्टिफिकेटवर थेट बी.ई.ला प्रवेश मिळत नाही. मध्ये डिप्लोमा करावाच लागतो. कुणी एजंट ‘तेवढं आम्ही बघतो’ म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका.

महाराष्ट्रातला सरळ रस्ता असा: दहावी, आयटीआयमधला दोन वर्षांचा ट्रेड (म्हणजे वायरमनसारख्या एखाद्या कामाचा कोर्स), मग पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगलाही थेट दुसरं वर्ष. दहावीनंतर सगळी मिळून सात वर्षं. बारावी सायन्सवाल्याला सहा लागतात. या रस्त्यावर प्रवेश परीक्षा कुठलीच द्यायची नाही, मार्कांवर मेरिट लागतं. डिप्लोमाचे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाकडे असतात, डिग्रीचे सीईटी सेलकडे, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाकडे.

आता नियमातल्या ज्या दोन शब्दांवर मुलं बाद होतात, त्यांच्याकडे येऊ. ‘दहावी अधिक दोन वर्षं आयटीआय, याच क्रमाने.’ वायरमनसारख्या ट्रेडला आठवी पासवरही प्रवेश मिळतो. अनेक जण आधी ट्रेड करतात, दहावी नंतर बाहेरून सोडवतात. दोन्ही सर्टिफिकेटं खरी, पण क्रम उलटा, म्हणून थेट दुसऱ्या वर्षासाठी ते अपात्र ठरतात. वेल्डरसारखा एक वर्षाचा ट्रेड केलेल्यांचंही तेच. अशांनी दहावीच्या गुणांवर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला अर्ज करावा. एक वर्ष जास्त जातं, पण दुसऱ्या वर्षाला अर्ज करून नकार घेण्यापेक्षा ते परवडलं. शिवाय पहिल्या वर्षाचं गणित नीट होतं, ज्यावर थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं पुढे हमखास अडखळतात.

कागदांत सगळ्यात जास्त रडवतं ते नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, ट्रेड सर्टिफिकेटवर आडनावच नाही, आधारवर स्पेलिंग तिसरंच. नावांचा क्रम वेगळा असला तर सहसा कुणी अडवत नाही. आडनाव गायब असलं किंवा जन्मतारीख चुकली असली की अर्ज परत येतो. ही दुरुस्ती आयटीआयच्या प्राचार्यांमार्फत होते आणि निवांत होते. म्हणून निकाल लागल्याबरोबर सर्टिफिकेट डाउनलोड करून दहावीच्या मार्कशीटशेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. प्रवेश सुरू झाल्यावर धावपळ केलीत, तर खिडकीवरचा माणूस शांतपणे ‘पुढच्या वर्षी या’ सांगतो.

दुसरा घोळ नॉन क्रिमीलेअरचा, म्हणजे ओबीसीसारख्या प्रवर्गातलं कुटुंब उन्नत गटात येत नाही या दाखल्याचा. ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. गेल्या वर्षी काढलेलं सर्टिफिकेट याच मार्चमध्ये संपलेलं असतं, पण घरी फाइलमध्ये ‘आहे की आपल्याकडे’ म्हणून पडून राहतं. जात वैधतेचं, म्हणजे जातीचा दाखला पडताळून मिळणाऱ्या प्रमाणपत्राचं, त्याहून अवघड. पडताळणी समितीची पावती दाखवून प्रवेश मिळतो, तोही त्या वर्षी शासनाने सवलत दिली असेल तरच, आणि तो तात्पुरता असतो. त्यामुळे वैधतेचा प्रस्ताव आयटीआयमध्ये असतानाच टाका. अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला आणि मार्कशीट यांत विशेष काही नाही.

अर्ज ऑनलाइन भरून फी भरली म्हणजे काम झालं, असं समजू नका. छाननीत तो ‘निश्चित’ व्हावा लागतो, तोवर मेरिट यादीत नाव येत नाही. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज लॉगिन करून रोज बघा, मेसेजची वाट पाहू नका. जागा मिळाल्यावरही ती ऑनलाइन स्वीकारली की प्रवेश झाला असं होत नाही. दिलेल्या मुदतीत कॉलेजला जाऊन मूळ कागद दाखवावे लागतात. मुदतीचा शेवटचा दिवस सर्व्हरचाही शेवटचा असतो, हे मात्र कुठल्या पत्रकात लिहिलेलं नसतं.

डिप्लोमात किमान ४५ टक्के हवेत, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४०. नुसतं पास होऊन डिग्रीचा फॉर्म भरता येत नाही.

ज्यांना इंजिनिअरिंग नको, फक्त पदवी हवी, त्यांच्यासाठी बारावी समकक्षतेची सोय आहे: दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला असेल, तर भाषेचे विषय देऊन ती घेता येते. पण त्यात फिजिक्स-मॅथ्स नसतं, त्यामुळे बी.एस्सी.चं दार त्याने उघडत नाही. बी.ए., बी.कॉम.साठी अर्ज करण्याआधी ही समकक्षता चालते का, हे त्या विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या.