कुणाकडेही जाणारं मूल आणि लळा लागलेलं मूल

पाहुण्यांच्या कडेवर न कुरकुरता जाणाऱ्या बाळाचं आपल्याकडे केवढं कौतुक! 'कुणाकडेही जातं हो, अजिबात त्रास नाही.' रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट डिसेंबर १९८९ मध्ये कोसळली आणि तिथल्या अनाथालयांतली मुलं दत्तक म्हणून ब्रिटनमध्ये येऊ लागली, तेव्हा त्यांच्यातही अशी 'गोड' मुलं बरीच होती. हा गोडवा म्हणजे लळा नव्हे, हे लक्षात यायला वेळ लागला.

लळा निवडक असतो. मूल पडलं, की ठरावीक माणूस शोधतं. नवा चेहरा दिसला, की आधी आईकडे बघतं, मग हळूच पुढे सरकतं. कुणाकडेही जाणाऱ्या मुलात हे मागे वळून बघणंच नसतं. बागेत ते कुणाच्याही मांडीवर चढेल, भलतेसलते खासगी प्रश्न विचारेल, बोट धरून चालू लागेल. माया असते, निवड नसते. अनाथालयात पाळीपाळीने बदलणाऱ्या दाया, एकेकीकडे कितीतरी बाळं, दुधाची बाटली उशीला टेकवून दिलेली. अशा ठिकाणी निवड करायची तरी कुणाची?

उलट, दक्षिण कोरियातून अमेरिकेत गेलेली अनेक बाळं आधी पालक-कुटुंबात, म्हणजे दत्तक जाईपर्यंत तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरात, वाढलेली असत. नव्या घरी येऊन असं बाळ रात्र रात्र रडलं, तर आईबाप घाबरणारच. पण ते रडणं ताटातुटीचं आहे. कुणाचा तरी लळा लागला होता म्हणूनच ते रडतंय. मला विचाराल तर न रडणाऱ्या बाळाकडे जास्त लक्ष द्यावं.

रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी १३६ मुलांवर दीर्घ अभ्यास केला. त्यात एक साधी चाचणी होती: अनोळखी माणूस दारात येऊन मुलाला 'चल माझ्याबरोबर' म्हणतो. सांभाळणारी व्यक्ती शेजारी असूनही, संस्थेत राहिलेली मुलं घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात निघून गेली.

खरी गुंतागुंत पुढे आहे. नव्या घराचा घट्ट लळा लागलेलं मूलही परक्याबरोबर जाऊ शकतं. म्हणजे या दोन गोष्टी एकाच तराजूची दोन पारडी नाहीत. 'बाहेरच्यांना बिलगतं, म्हणजे आमच्यावर प्रेमच नाही' हा आईबापांचा निष्कर्ष म्हणूनच चुकतो. ज्याला कुणाचाच आधार घेता येत नाही असं मिटलेलं मूल आणि सगळ्यांकडे धावणारं मूल, हे पूर्वी एकाच विकाराचे दोन उपप्रकार मानत. २०१३ च्या अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात ते वेगळे विकार झाले. पहिल्याची लक्षणं चांगलं घर मिळालं की झपाट्याने ओसरतात, दुसऱ्याची चिवट असतात.

किती चिवट, ते मनोविकारतज्ज्ञ मायकल रटर यांनी ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात दिसलं. रोमानियातून आलेल्या १६५ मुलांचा मागोवा त्यांच्या तरुणपणापर्यंत घेतला गेला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून सुटलेली मुलं ब्रिटनमध्येच जन्मून दत्तक गेलेल्या मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ तिथे काढलेल्यांची बुद्धी तरुणपणी सर्वसाधारण पातळीवर आली. परक्यांशी वाजवीपेक्षा जास्त सलगी आणि अवधानाच्या अडचणी मात्र अनेकांत टिकल्या. तरीही याच गटातल्या साधारण पाचातल्या एकाला कुठल्याही टप्प्यावर काहीच त्रास आढळला नाही.

नव्या घरी मूल आल्यावर पहिले काही महिने भरवणं, झोपवणं, रडं थांबवणं आईबापांनीच करावं, असं तज्ज्ञ सांगतात. प्रेमळ आजी-आत्यांच्या मनाला हे फार लागतं. त्यांना आधीच सांगून ठेवावं, आणि शाळेतल्या बाईंनाही.